आधी खुंटी बघायला लावलीत, त्याबद्दल आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले होतेच, पण तेवढ्याने मन भरलं नाही. शिवाय तुमचं सांगणं जुना पियानो असलेल्या आणखी कुणाच्या कामी यावं, म्हणून हे जाहीर पत्र.

घरचा पियानो सुरात आणायचा म्हणून मी अवजारांची यादी घेऊन तुमच्याकडे आले. यादी बाजूला ठेवून तुम्ही विचारलंत, ‘तारा ताणून धरणाऱ्या खुंट्यांची डोकी कशी आहेत?’ घरी येऊन टॉर्चच्या उजेडात पाहिली. चौकोनी, वरच्या बाजूला जराशी निमुळती, काहींच्या कडा झिजलेल्या. सगळी खरेदी मग त्यावरूनच ठरली. साधा पाना लावला तर या कडा गोल होतात आणि पुढे कुठलंच अवजार पकड घेत नाही, हे तुम्ही वेळेवर सांगितलंत. खुंटी फिरवायचा खास दांडा, म्हणजे लिव्हर, तुम्हीच सुचवलात: खुंटीवर बसणारं त्याचं तोंड, म्हणजे टिप, आठ कोनी चांदणीची आणि 2 नंबरच्या मापाची. टिप खुंटीवर खोल बसली पाहिजे, पण तारेच्या वेटोळ्यांना टेकता कामा नये, हेही बजावलंत. आमच्या खुंट्यांवर ती अगदी घट्ट बसली.

रबरी पाचरी आणि फेल्टची पट्टी या मला किरकोळ वस्तू वाटत होत्या. पण मधल्या आणि वरच्या सुरांना प्रत्येकी तीन तारा. दोन दाबून धरल्याशिवाय तिसरी नीट ऐकूच येत नाही. एक पाचर काढून दोन तारा एकत्र वाजवल्या की आवाज लाटेसारखा वरखाली होतो. लिव्हर केसभर हलवला की ती लाट मंदावत जाते आणि एका क्षणी दोन्ही तारांचा एकच सूर उरतो. ते ऐकताना अंगावर काटा आला, काका!

‘खुंटी फिरव, वाकवू नकोस’ आणि ‘सूर किंचित वर नेऊन मग खाली बसव’, ही तुमची दोन वाक्यं मी हातात लिव्हर असताना सतत मनात म्हणते. पियानो बराच उतरलेला होता. जवळपास 230 तारांचा मिळून ताण कित्येक टनांचा, म्हणून एका दमात 440 हर्ट्झला, म्हणजे मधल्या ‘ए’ सुराच्या प्रमाण उंचीला, न नेता टप्प्याटप्प्याने चढवायला लावलंत. एकही तार तुटली नाही.

खर्जातल्या काही खुंट्या मात्र सूर धरत नाहीत. त्यांच्या भोकांत गोंद घालू नकोस, म्हणालात. तशाच ठेवल्या आहेत. जाड खुंट्या बसवायला कारागीर येईल तेव्हा तुम्हीही याल का? तुमच्यासमोरच ते काम व्हावं, अशी फार इच्छा आहे.

तुमची कृतज्ञ,
पियानोवाली