माझा खेळ मोजून दाखवणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

स. न. वि. वि.

नाव घालून लिहिलं तर तुम्ही दुकानात उभं करणार नाही, म्हणून नुसतं दादा. बेळगावच्या खडेबाजारात तुमच्याकडून मोबाईल दुरुस्त करून नेणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये या माणसाचा झांगिफ, तो धरून आपटणारा पैलवान, काय चीज आहे! पण हे आभार त्या झांगिफचे नाहीत, त्यानं मला पुरेसं आपटलंय. आभार आहेत ते माझा खेळ मला मोजून दाखवल्याबद्दल.

'स्ट्रीट फायटर ६' हा गेम खेळणाऱ्या आमच्यासारख्यांना स्वतःबद्दल विचारा, उत्तरं ठरलेली असतात. कॉम्बो (सलग जोडलेले फटके) चांगले येतात, रिफ्लेक्स कमी पडतात, आणि उरलेला सगळा दोष खानापूरच्या नेटचा. तुम्ही सुरुवात नेटपासूनच केलीत. "आधी वायफाय काढ, लॅन लाव. मग दोष कुणाचा ते बघू की." केबल आली आणि एक सबब गेली.

मग रिप्ले, म्हणजे खेळून झालेल्या मॅचची रेकॉर्डिंगं. मला वाटलं होतं हरलेल्या मॅच बघाल. तुम्ही जिंकलेल्या आधी काढल्यात. समोरच्यावर उड्या मारमारून मिळवलेले विजय एकामागून एक दाखवलेत आणि म्हणालात, "यात तुझं बळ कुठाय? त्यांना उडी अडवता येत नाही, एवढंच दिसतंय." झोंबलं खरं. पण वरच्या रँकला गेल्यावर त्याच उड्यांवर मार का बसायचा, ते तिथंच उलगडलं.

खरी मजा रिफ्लेक्सच्या बाबतीत झाली. ड्राइव्ह इम्पॅक्ट हा जोरदार फटका लागायला २६ फ्रेम (पडद्यावरची चित्रं) घेतो आणि गेम सेकंदाला ६० फ्रेमनं चालतो, म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी. कॉर्नरमध्ये, म्हणजे पाठ भिंतीला लागलेली असताना, तो नुसता ब्लॉक केला तरी माणूस भिंतीवर आदळतो, म्हणून उलटा आपला इम्पॅक्ट मारावा लागतो. रिप्लेमध्ये मी तो बहुतेक वेळा मारत होतो. उडी मात्र जमिनीवर उतरेपर्यंत साधारण ४५ फ्रेम, पाऊण सेकंद. ती मला दिसत नव्हती. तुम्ही रिप्ले थांबवून विचारलंत, "२६ फ्रेमचं ज्याला दिसतं, त्याला ४५ चं दिसत नाही? मग हे रिफ्लेक्स कसले?"

यावर मी म्हणालो, हात चुकत असेल, उडी पाडणारा वरचा ठोसा, शोर्युकेन, त्याची इनपुट (दिशा आणि बटणांचा क्रम) घाईत निघत नाही. दुसऱ्या कुणी 'सराव कर' म्हणून सोडून दिलं असतं. तुम्ही माझा केन, म्हणजे मी खेळतो तो फायटर, मॉडर्न कंट्रोल या सोप्या बटणांच्या पद्धतीवर टाकलात. तिथं पुढची दिशा आणि स्पेशलचं बटण दाबलं की शोर्युकेन निघतो, इनपुट चुकायला जागाच नाही. मार थोडा कमी बसतो, पण आपल्याला मार मोजायचा नव्हता. तरीही उड्या लागतच राहिल्या. हात निर्दोष सुटला.

तेव्हा तुम्ही स्क्रीनवर बोट टेकवलंत. "तू केनकडं बघालायस. केन कुठं आहे ते तुला माहीतच आहे की. समोरच्याकडं बघ." मग गेमचा आवाज बंद केलात. आवाज जाताच इम्पॅक्टही सुटायला लागले! म्हणजे मी ते डोळ्यानं पकडतच नव्हतो, कानानं पकडत होतो. उडीला तसला आवाज नाही. कान तिखट आणि नजर चुकीच्या जागी, इतका नेमका हिशोब माझ्याबद्दल आजवर कुणी मांडला नव्हता, शाळेच्या प्रगतिपुस्तकातसुद्धा नाही.

आता ट्रेनिंग मोडमध्ये डमीची तीन रेकॉर्डिंगं करून ठेवलीत. एकात उडी, एकात इम्पॅक्ट, एकात नुसतं पुढं चालत येणं. ती उलटसुलट लागतात आणि आवाज बंद असतो. चालत येणारं रेकॉर्डिंग कशाला, असं मी विचारलं होतं. उडीची वाट बघत ताटकळलेला माणूस चालत आलेल्याचा थ्रो, म्हणजे ब्लॉकनं न अडणारी धरून आपटी, निमूट खातो, हे तुम्ही तोंडानं सांगितलं नाहीत, झांगिफनं दाखवलंत.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षातही आली नसती. पडल्यावर उठताना मी घाईनं बटणं दाबत नाही, गप ब्लॉक धरतो. मला तो भित्रेपणा वाटायचा. तुम्ही तो जमेच्या बाजूला लिहिलात, आणि शेजारीच बारीक अक्षरात 'म्हणून थ्रो खातो' असंही लिहिलंत. तो कागद अजून मॉनिटरला चिकटवलेला आहे.

येत्या रविवारी बेळगावला येतो. आईनं घरचे काजू बांधून ठेवलेत, नाही म्हणू नका. कॉर्नरमध्ये थ्रो खाल्लेल्या मॅचचे रिप्ले वेगळे काढलेत, दुकानाचं शटर पडल्यावर बघू. आणि त्या दिवशी झांगिफ नको, दुसरं कुणीही घ्या.

तुमचा,
खानापूरचा केन