सर्दीची गोळी न दिल्याबद्दल

ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव मी कधी विचारलं नाही, तुम्हीही मला नुसतं 'काका' म्हणता. तुमच्या औषधांच्या दुकानात चारचौघांत हे बोलणं मला जमलं नसतं. आता लिहितोय तर सगळ्यांनी वाचलं तरी चालेल.

डिसेंबरात नाक चोंदलं म्हणून मी सर्दीची गोळी मागितली. तुम्ही कडेला येऊन हळूच विचारलंत, "काका, रात्री लघवीला किती वेळा उठता?" राग आला हो! लेकीच्या वयाची पोर आणि हा प्रश्न. पण तोंडातून खरं ते निघून गेलं. चार वेळा. धार बारीक, आणि परत येऊन आडवं झालं की वाटतं, अजून राहिलीच आहे.

तुम्ही गोळी परत फळीवर ठेवलीत. नाक मोकळं करणारं औषध मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायूही आवळतं, प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढलेली असेल तर लघवी पार तुंबू शकते, म्हणालात. वाफ घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

मी एसटीचा ड्रायव्हर. सातारा-पंढरपूर फेरीत लघवी दाबून धरण्यात आयुष्य गेलं. म्हातारपणी उलटं झालं, घराबाहेर पडायचं म्हटलं की आधी मुतारी कुठे आहे ते आठवायचं. वयाचंच आहे समजून मी दुपारनंतर पाणी बंद केलं होतं. त्याने बद्धकोष्ठ झालं, आणि त्यामुळे लघवीचा त्रासही वाढतो, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर कळलं.

त्यांनी 7 प्रश्नांचा कागद भरून घेतला. 35 पैकी 21 आले, शाळेत कधी एवढे पडले नव्हते! इथे मात्र 20 आणि पुढे म्हणजे तीव्र त्रास. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावरही 110 मिली आत शिल्लक. लघवीची नळी या प्रोस्टेट ग्रंथीतूनच जाते, ग्रंथी फुगली की नळी दबते. डिझेलचा पाइप चेपल्यासारखं, एवढं मला समजलं. मनात धास्ती कॅन्सरची होती. ही वाढ कॅन्सर नव्हे, तिचा पुढे कॅन्सर होत नाही, पण या वयात दोन्ही असू शकतात, म्हणून बोटाने तपासणी आणि प्रोस्टेटसाठीची पीएसए ही रक्ताची चाचणी वेगळी केली. ठीक निघाली.

टॅमसुलोसिन, म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करणारी गोळी, सुरू झाली. पहिले काही दिवस उठताना गरगरायचं, म्हणून आधी पलंगाच्या कडेला बसायचं आणि मग उभं राहायचं. ग्रंथी आकसवणारी दुसरी गोळीही आहे, तिचा गुण यायला सहा महिने लागतात. संध्याकाळचा चहा सोडला, तेवढं जड गेलं. आता रात्री एकदाच उठतो.

परवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं बोललो, तेव्हा तुम्हीच बजावलंत की डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं आधी सांगा, बाहुली नीट मोठी होत नाही. सांगितलं. त्यांनी लगेच कागदावर लिहून घेतलं.

गेल्या एकादशीला पंढरपूरला जाऊन आलो. म्हसवडला उतरलो, ते फक्त पाय मोकळे करायला.

तुमचा,
काका