मेन बंद केला तरी

गोराई, ४ मे

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

मागे फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मेन स्विच बंद करा आणि सुताराला छपराचे पत्रे घालायला चढवा वर, त्यात एवढं काय?" सुतार समोरच उभा होता, म्हणून मी गप्प बसलो. नाहीतर त्याला तेच हवं होतं.

मेन बंद केला की घरातले दिवे जातात, बाहेरच्या तारेतली वीज नाही. पोलावरून आपल्या छपरावरच्या पाइपात आणि तिथून मीटरपर्यंत जी येते, ती मेनच्या अलीकडची. मेन कितीही पाड, तिच्यात २३० व्होल्ट आहेतच. ती बंद होते पोलावरून, आणि पोलाला हात लावायचा तो वीज कंपनीच्या माणसानेच. सुतार म्हणत होता, "काका, दोरीने ओढून बाजूला बांधतो, दोन दिवसांचं तर काम." चहा पाजून घरी पाठवला.

माळ्याच्या झरोक्यातून ती तार दिसते. काळं वेष्टन उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने चिंचेच्या टरफलासारखं तडकलंय, दोन ठिकाणी आतली ॲल्युमिनियमची तार उघडी पडलीय. पांढऱ्या चिनी मातीच्या रिळामागे चिमणीने काड्या खोचल्यात. आणि त्याखालून आपण नेणार बारा-बारा फुटांचे पत्रे! खाडीवरचा वारा सुटला की पत्र्याचं वरचं टोक कुठे जाईल ते धरणाऱ्याच्या हातात राहत नाही.

(कौलंच पुन्हा घालावीत असं तुझ्या आईचं मत. माझंही होतं. पण शाकारायला माणूस कुठून आणायचा? तो विषय काढू नकोस, आत्ताच जरा निवलाय.)

मग दोनदा होडीने बोरिवली केलं. अर्ज, ग्राहक क्रमांक, भरलेलं बिल. एक माणूस पाहणी करून गेला, खर्चाचा आकडा आला, पैसे भरले, तारीख मिळाली. पाहणीत निघालं ते भलतंच. आपली तार सोपी होती. अडचण शेजारच्या वहिनींच्या तारेची, ती आपल्या मागच्या पाख्यावरून जाते. घरावरून जाणाऱ्या अशा तारेत आणि छपराच्या सर्वांत उंच जागेत २.५ मीटर अंतर लागतं, बाजूने जात असेल तर १.२ मीटर. आढं एक फूट वर जाणार म्हटल्यावर ते अंतर उरेना. म्हणजे त्यांचीही तार हलवायची, गल्लीच्या कडेने न्यायची.

काल लाइनमन आले. एकाने पोलावर चढून दोन्ही तारा सोडवल्या. खाली दुसऱ्याने टेस्ट लॅम्प लावून, दिवा लागत नाही हे बघितल्यावरच तारेला हात घातला. आपली तार आता अंगणातल्या लोखंडी पाइपवर तात्पुरती आणलीय, भिंतीपासून चांगली लांब. पाइपला अर्थिंग करून दिलं. तार पाइपात शिरण्याआधी तिला खाली मुद्दाम झोळ दिलाय. मी विचारलं कशाला, तर म्हणाला, पाणी तारेवरून वाहत येतं, ते झोळाच्या तळाशी टपकून जावं, मीटरमध्ये उतरू नये. जुन्या पाइपला वर बाक का होता ते मला या वयात कळलं. जोडल्यावर मीटरपाशी फेज आणि न्यूट्रल उलटे झाले नाहीत ना, तेही त्याने तपासलं. उलटे झाले तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये करंट राहतो.

या सगळ्यात चार तास वहिनींची वीज गेली. त्यांच्या फ्रीजरमध्ये कोळंबी होती. सकाळी बर्फाची लादी आणून दिली होती मी, तरी "तुमचं छप्पर आणि आमची कोळंबी" हे तीनदा ऐकलं. त्यांचंही चूक नाही.

सुतार उद्यापासून चढेल. मृगाच्या आधी, म्हणजे ७ जूनच्या आत पत्रे बसायला हवेत. मग कंपनीच्या माणसाला परत बोलवायचं आणि तार वरच्या नव्या पाइपवर न्यायची. तो पाइप आधीपेक्षा उंच घेतलाय. चिनी मातीचं जुनं रीळ मी मागून ठेवलंय, खिडकीत आहे. चिमणीच्या काड्यांसकट.

येशील तेव्हा कोल्हापूरची काकवी आण. एक बाटली आपल्याला, एक वहिनींना.

तुझे बाबा