पेशी तास मोजत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नवरात्र जवळ आले की '१६ तास उपाशी राहा, पेशींची साफसफाई सुरू होते' असे तक्ते आरोग्य पुरवण्यांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. साफसफाई (ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने स्वतःचाच टाकाऊ माल पचवणे) खरी, १६ तास मनाचे. सोबत जपानी पेशीजीवशास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींचे नाव असते; त्यांना या साफसफाईच्या शोधाबद्दल २०१६चे नोबेल मिळाले, पण ते यीस्टवरील कामासाठी.

पेशी चाहूल घेते ती अमिनो आम्लांची (प्रथिने पचून मिळणाऱ्या घटकांची) आणि इन्सुलिनची, आणि तीही लयकारिकेच्या पृष्ठभागावर. शाळेत 'आत्मघाती पिशवी' म्हणून दोन ओळींत उरकतात, तीच ही लयकारिका (लायसोसोम), पेशीतला टाकाऊ माल पचवणारी. तिथले एमटॉरसी१ हे प्रथिनसंकुल बँकेच्या लॉकरसारखे दोन किल्ल्यांचे आहे. अमिनो आम्ले पुरेशी असली की रॅग प्रथिने त्याला लयकारिकेवर आणून बसवतात; इन्सुलिनचा निरोप आला की रेब त्याला चालू करते. मग ते सफाईची जनुके चालू करणाऱ्या टीएफईबी या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवून केंद्रकाबाहेर अडकवते. अमिनो आम्ले आटली की संकुल सुटते, लयकारिकेतून कॅल्शियम बाहेर पडते, त्याने जागे झालेले कॅल्सिन्यूरिन फॉस्फेट काढते आणि टीएफईबी केंद्रकात शिरून पाचक विकरांची व आतला पीएच ४.५ ते ५ राखणाऱ्या पंपाची जनुके चालू करते.

प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींची अमिनो आम्ले काढली की ५० मिनिटांत संकुल थंडावते, परत दिली की १० मिनिटांत कामाला लागते. ही मिनिटे माणसाला लावू नयेत; उपाशीपोटीही स्नायू रक्तात अमिनो आम्ले सोडत राहतात. शिवाय उपासमार लांबली तर पचवलेल्या मालातूनच अमिनो आम्ले सुटतात, संकुल पुन्हा जागे होते. म्हणजे 'जितका लांब उपास तितकी सफाई' हेही फसते.

आता फराळ. साबुदाण्यात प्रथिने नावाला, पण पिष्टामुळे इन्सुलिनची किल्ली फिरतेच. त्यात दाण्याचे कूट पडले आणि वर गंगावेशीतले म्हशीचे ताजे दूध घेतले, तर २५० मिलीच्या पेल्यातूनच सुमारे १० ग्रॅम प्रथिने, त्यात १ ग्रॅमच्या आसपास ल्युसिन हे अमिनो आम्ल. देवीला हा उपास चालेल. पेशीच्या हिशेबी ते जेवण झाले.

या तक्त्यांबरोबरच्या आलेखांत एलसी३ (पचवायला गोळा केलेल्या मालाच्या वेष्टनावरचे प्रथिन) वाढलेले दाखवून 'सफाई वाढली' म्हणतात. कोपऱ्यावर कचरा साचला म्हणजे घरे जास्त झाडली, की घंटागाडीच आली नाही? बॅफिलोमायसिन या रसायनाने लयकारिकेचे काम अडवून एलसी३ आणखी वाढते का, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष निघत नाही.

मधुमेहावरची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांकडून डोस बदलून न घेता जेवण टाळले, तर रक्तातील साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली, म्हणजे धोकादायक पातळीवर, जाऊ शकते. असे तक्ते छापायचेच असतील तर त्याखाली निदान एवढी ओळ ठळक अक्षरांत द्यावी.

– पेशीजीवशास्त्राचे दोन शिक्षक,
राजारामपुरी, कोल्हापूर