पोरांना क्लास लावला म्हणजे झालं का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संध्याकाळी बेळगावात टिळकवाडीकडं कुठल्याही ग्राउंडवर जाऊन बघा, स्केटिंग म्हणू नका, कराटे म्हणू नका, पोरं घाम गाळायलेत आणि आई-बाप कडेला गाडीत रील्स बघत बसलेत. फी भरायला माझी ना नाही ओ, पण सहा-सात वर्षांचं पोर सरांपेक्षा घरच्यांकडं बघूनच जास्त शिकतंय. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये सांगितलंय की 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं धाप लागेल असा खेळ पाहिजे, आणि मोठ्यांना आठवड्याला कमीत कमी 150 मिनिटं चालणंबिलणं. पहिल्यासाठी आपण क्लास शोधतो, दुसरं आपल्यासाठी आहे हे सोयीनं विसरतो.

टिळकवाडीतल्याच व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी एक ताई चालायला येतात, साडीवर स्पोर्ट्स शूज, मागं चार-पाच वर्षांची लेक. आई हात हलवत झपाझप निघाली की ही पण तसेच हात हलवते, मधेच वाळक्या पानांच्या ढिगात शिरते, चप्पल निसटते, ती हातात घेऊन पळत जाऊन आईला गाठते. तिला कुणी व्यायाम कर म्हटलेलं मी अजून ऐकलं नाही.

आमच्याकडं गल्लीगल्लीत तालीम होती तेव्हा पण हेच चालायचं. बाप जोर-बैठका मारायला गेला की पोरगं मागोमाग जाऊन लाल मातीत लोळायचं, लंगोट लावायचं वय यायच्या आधीच सवय अंगात मुरायची. (मुलींना तिथं जागा नव्हती, म्हणून उगीच जुन्याचं कौतुक करत बसत नाही.)

आणि घरातली भाषा तेवढी सांभाळा. पोराला जाड्या म्हणून हाक मारायची, लेकीसमोर मी किती सुटलेय, आज जेवणारच नाही म्हणायचं, मग ती आठव्या वर्षी आरशासमोर पोट आत ओढून उभी राहते, त्याला आपणच कारण. शाळेत दंगा केला की उठाबशा नाहीतर ग्राउंडला राउंड, पीटीचा तास गणिताला, मग पोराला व्यायाम म्हणजे शिक्षाच वाटणार की.

पाऊस आहे म्हणाल, तर बेळगावच्या पावसात सोप्यात दोरीच्या उड्या मारता येतात, दोघांनी मिळून मोजायच्या. उघडीप मिळाली की राजहंसगडाला जावा, पण गाडी खाली लावून चढा, वर नेऊन फक्त सेल्फी काढून येऊ नका.

तुमच्या पेपरातून क्लासवाल्यांना एवढं सांगा, आठवड्यातनं एक दिवस पालकांना पण आत घ्या आणि पोरांबरोबर पळवा. फक्त त्या दिवसाची वेगळी फी लावू नका म्हणजे झालं.

आपली,
एक वाचक, वडगाव, बेळगाव