लाडवांच्या डब्याच्या तळाशी

10 जुलै

चि. सायू,

अनेक आशीर्वाद.

रात्री दोनला तुझा मेसेज आला तेव्हा मी जागीच होते, बाबांचा खोकला चालू होता. "आई, विंडो पीरियड नक्की किती?" एवढंच. म्हणजे एचआयव्ही शिरल्यावर टेस्टमध्ये दिसायला किती दिवस लागतात; वीस वर्षं हा प्रश्न मी तपासणी केंद्रात टेबलाच्या पलीकडून ऐकते आहे, झोपेतसुद्धा उत्तर देईन. पण फोन लावल्यावर माझ्या तोंडून पहिलं काय निघालं, तर "कोण आहे तो?" तू फोन ठेवलास. ठीकच केलंस.

ते आता विचारायचं नाही असं ठरवून बसले आहे. म्हणून पत्र. फोनवर माझं तोंड माझ्या ताब्यात राहत नाही. बाबांना वाटतंय मी केंद्राचा महिन्याचा रिपोर्ट लिहिते आहे. वाटू दे.

आधी तुझं काम. तू नंतर लिहिलंस तेवढं धरून चालते. 14 जून, कंडोम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, फाटला नाही, निसटला नाही. हे चार शब्द मी दिवसातून दहा वेळा विचारते गं, पण तुझ्या नावापुढे लिहिताना पेन अडलं. असो. माझ्यासमोर दुसऱ्या कुणाची पोरगी असती तर मी म्हटलं असतं, बाई, धोका नसल्यातच जमा आहे, घरी जा आणि पोटभर जेव. धड असलेल्या लॅटेक्समधून हा विषाणू पलीकडे जात नाही. कंडोम नसता आणि समोरचा उपचार न घेणारा पॉझिटिव्ह असता, तरीही एका वेळेच्या साध्या संबंधात बाईला लागण होण्याचा अंदाज दहा हजारांत आठच्या आसपास धरतात. हा आकडा मी केंद्रात सहसा सांगत नाही, लोक सोयीचा अर्थ काढतात. शिवाय ज्यांचं रोजच नवऱ्यापुढे चालत नाही, त्यांना तो आकडा कसला कामाचा.

चौथ्या दिवशी ताप आला, घसा दुखला, म्हणून तू घाबरलीस. एचआयव्हीचा पहिला ताप आलाच तर साधारण दोन ते चार आठवड्यांनी येतो, चौथ्या दिवशी नाही. आणि जूनमध्ये पहिल्या पावसात भिजून अर्ध्या पुण्याचा घसा बसतो. लक्षणांवरून निदान करायचंच नसतं. तुला घरी कधी तापात मोबाइल हातात घेऊ दिला नाही, ते उगाच का?

आता तारखा. सहाव्या दिवशी केलेली टेस्ट म्हणजे पैसे पाण्यात. विषाणू शिरला तरी शरीराला प्रतिपिंडं तयार करायला वेळ लागतो, तोवर किटला काही दिसत नाही. विसाव्या दिवसाची निगेटिव्ह थोडी दिलासा देणारी, पण पक्की नाही. लॅबमध्ये शिरेतून रक्त घेऊन करतात ती चौथ्या पिढीची टेस्ट प्रतिपिंडांबरोबर पी-24 सुद्धा शोधते, म्हणजे विषाणूचाच एक तुकडा, तो आधी सापडतो. तिचे 45 दिवस धरायचे. तुझे 29 जुलैला भरतात. आमच्याकडे बोटातून थेंब घेऊन करतो त्या रॅपिड किटला तीन महिने, म्हणजे 12 सप्टेंबर. 29 जुलैच्या आधी एकही टेस्ट करायची नाही. लहानपणी तू विरजणाच्या भांड्यावरचं झाकण दर दहा मिनिटांनी काढून बघायचीस, आठवतं? आजी ओरडायच्या, अगं त्याला निवांत लागू दे. शेवटी भांडं फडताळात वर ठेवायला लागायचं, तर तू डब्यावर चढलीस आणि हनुवटी फोडून घेतलीस. दोन टाके. त्या टाक्यांच्या वेळी तू अजिबात रडली नव्हतीस, मीच रडले होते.

भरकटले.

29 ची चौथ्या पिढीची टेस्ट लॅबमध्ये, पण 12 सप्टेंबरची सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात कर. ससूनला आहे, फुकट असते, आधी आणि नंतर कुणीतरी बसून नीट बोलतं. पहिलं किट रिअ‍ॅक्टिव्ह आलं तरी तेवढ्यावर कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, वेगवेगळ्या तीन किटांवर तपासून मग सांगतात. तुझ्या त्या पॅकेजवाल्या लॅबनं पीडीएफ पाठवली, बोललं का कुणी? रात्री बोलावंसं वाटलं आणि माझ्याशी नको असलं तर 1097 ही एड्सची हेल्पलाइन लाव. माझ्या केंद्रात मात्र येऊ नकोस. तू 25 वर्षांची आहेस. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं तुझी तपासणी तुझ्या संमतीशिवाय होत नाही आणि रिपोर्ट तुझ्या परवानगीवाचून कुणाला सांगता येत नाही. कुणाला म्हणजे आईलाही. हे मी शेकडो आयांना सांगून परत पाठवलं आहे. त्या बाहेरच्या बाकावर पदर तोंडाला लावून बसायच्या आणि मला वाटायचं, काय ही माणसं, पोरांवर विश्वास नाही.

कंडोमचा विचार तुला सुचला की त्याला? बघ, आलंच. पुसत नाही, राहू दे.

तो माणूस चांगला आहे ना, एवढंच. नाव नको. त्यालाही तपासणी करून घ्यायला सांग. हे मी समुपदेशक म्हणून लिहिते आहे, आई म्हणून नाही. खोटं कशाला बोलू, दोन्ही म्हणून.

2006 मध्ये आमच्याकडे एक गरोदर बाई आली होती, आठव्या महिन्यात. तेव्हा केंद्राला व्हीसीटीसी म्हणायचे आणि मला नोकरीला लागून वर्षच झालं होतं. रिपोर्ट सांगितल्यावर ती रडली नाही. म्हणाली, "बाई, हे कुणाकडून आलं ते यांना विचारू का?" मी तिला म्हटलं, विचार वाटलं तर, पण कुणाकडून हे कळून गोळी बदलत नाही. बाळंतपणात तिला नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि बाळाला सिरप, तेव्हा एवढंच होतं हातात. पोरगं निगेटिव्ह निघालं. आता माझ्यापेक्षा उंच आहे, आईच्या औषधाला तोच सोबत येतो. कुणाकडून हे कळून गोळी बदलत नाही, हे वाक्य ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नव्हतं, माझं होतं, आणि त्याचा मला फार अभिमान होता. परवा रात्री ते कुठे गेलं होतं कोण जाणे.

तुला मी लाजायला शिकवलं नाही असं मला वाटायचं. दुसरीत असताना माझ्या पर्समधलं प्रात्यक्षिकाचं लाकडी मॉडेल तू आजींना नेऊन दिलंस आणि त्यांनी त्यानं लसूण ठेचला. बाबा बघून जे बाहेर गेले ते अंधार पडल्यावर आले. मी हसत हसत आजींना खरं सांगून टाकलं. त्यावर त्या म्हणाल्या, "बरं वजनदार आहे." त्या घरातली मुलगी रात्री दोनला आईला विचारते तेव्हा तिला आधीच्या चोवीस रात्री एकटीनं काढाव्या लागल्या, हे मला झोपू देत नाही. एचआयव्हीची मला भीती नाही, खरंच नाही. झालाच असता तरी आज रोज एक गोळी असते, माणूस म्हातारा होतो. तू जेवत नाहीस याची भीती आहे. व्हिडिओत गालफडं दिसत होती.

राहिलेलं पटकन. सिफिलिस, हर्पिस, एचपीव्ही कातडीच्या स्पर्शानंही लागतात, कंडोमनं सगळं झाकलं जात नाही, म्हणून 29 ला व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची टेस्ट, सोबतच करून घे. एचपीव्हीची लस घेतली नसशील तर डॉक्टरांना विचार. पाळी वेळेवर आली ना? आणि कधी फाटलाच, तर 72 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात जायचं, जितकं लवकर तितकं बरं. लागण रोखणाऱ्या पीईपीच्या गोळ्या 28 दिवस घ्यायच्या असतात. आत्ता तुला त्यांची गरज नव्हती, पण पुढच्या वेळी माहीत असावं.

पुढच्या वेळी म्हणाले बघ. मीच म्हणाले.

लेक्चर झालं, माफ कर. पण एक सांगते. माझ्यासमोर बसणाऱ्या कितीतरी बायकांना मी शिकवते, नवऱ्याला 'वापर' म्हणा. त्या मान डोलावतात आणि तीन महिन्यांनी तशाच येतात, म्हणता आलं नाही म्हणून. तुमच्यात ते म्हटलं गेलं. कुणी का म्हटलं असेना.

हे पत्र बेसनाच्या लाडवांच्या डब्यात, तळाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालते आहे. रविवारी दादाची मुलगी पुण्याला येते आहे तिच्यासोबत. तिला माहीत नाही. वाचून फाडून टाक, तूप लागलं असेल तर जाळ.

कॅलेंडरवर 29 तारखेला मी एक टिंब दिलं. बाबा म्हणाले, गॅसचा नंबर लावला का? मी हो म्हटलं. त्या दिवशी मी रजा टाकली आहे. कंत्राटी माणसाला रजा मिळते कशी ते तू विचारू नकोस. ये म्हणालीस तर सकाळच्या गाडीनं येते आणि बाहेर बाकावर बसते, आत येत नाही. नको म्हणालीस तर घरी माळा आवरायचा आहेच.

तुझी,
आई

ता. क. लाडू नेहमीपेक्षा जास्त घातलेत. कुणाला द्यायचे ते तुझं तू बघ.