खुनी कोण, ते प्रेक्षकांना शोधू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या गावातल्या हौशी मंडळींनी बसवलेल्या दोन अंकी रहस्यनाट्याचे परीक्षण आपल्या शुक्रवारच्या स्थानिक पुरवणीत आले. हौशी नाटकाला पाव पान मिळाले याचा आनंद तिसऱ्या परिच्छेदापर्यंतच टिकला. तिथे आपल्या परीक्षकांनी खुनी कोण, हे नावानिशी सांगून टाकले आहे. वर शेवटच्या कबुलीजबाबाचे कौतुकही केले आहे!

दुसरा प्रयोग रविवारी होता. मी दोन्ही पाहिले. पहिल्या वेळी संशयाची सुई चार जणांवर फिरत होती. मध्यंतरात वड्यांच्या रांगेत पुतण्या की डॉक्टर, यावर पैजा लागल्या होत्या. रविवारी 'ते' पात्र (तो की ती, हे मी लिहीत नाही) विंगेतून आत आले आणि मागून आवाज आला, "पेपरात आलंय, ते हेच!" नाट्यगृहात हशा पिकला. पुढे त्या कलाकाराने करायचे काय? अशा भूमिकेत शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत प्रेक्षकाला आपल्या बाजूने ठेवायचे असते. इथे प्रत्येक साध्या वाक्याला लोक एकमेकांना कोपराने ढोसत होते. निम्म्या खुर्च्याही रिकाम्या होत्या. त्याचे खापर परीक्षणावर फोडत नाही, त्या संध्याकाळी क्रिकेटचा सामना होता.

नाटकात उणिवा आहेत. दुसऱ्या अंकातली पोलीस चौकशी रेंगाळते. पहिल्या प्रयोगात माणूस आधी कोसळला आणि गोळीचा आवाज मागाहून आला. त्याबद्दल परीक्षकांनी झोडपले ते योग्यच, रविवारी आवाज बरोबर वेळेवर आला. टीका नको असे कोण म्हणतो?

लंडनमध्ये अगाथा ख्रिस्ती यांचे 'द माउसट्रॅप' १९५२ पासून चालू आहे, कोविडमुळे पडलेला खंड सोडला तर. प्रयोग संपल्यावर रंगमंचावरूनच प्रेक्षकांना विनंती केली जाते, की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. आता ज्याला हवे त्याला ते मोबाइलवर अर्ध्या मिनिटात सापडते. पण ज्याला नको आहे, त्याच्या सकाळच्या चहाशेजारी कोणी ते आणून ठेवत नाही.

व्हॉट्सॲपवरच्या उत्साही मंडळींना आवरणे आपल्या हातात नाही. आपल्या पुरवणीचे मात्र आहे. रहस्यनाट्यावर लिहिताना अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, लेखकाने पेरलेले धागेदोरे जुळतात की नाही, या सगळ्यावर उलगडा न करता लिहिता येते. उलगडा केल्याशिवाय मुद्दाच मांडता येत नसेल, तर निदान वर ठळक अक्षरांत तशी सूचना छापावी. आमच्या मंडळींनीही पडदा पडल्यावर लंडनसारखी विनंती करायला हरकत नाही.

पुढचा प्रयोग शेजारच्या तालुक्यात आहे. तिथल्या आवृत्तीत हेच परीक्षण घेणार असाल, तर तिसरा परिच्छेद तेवढा गाळावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक